कोरा रकाना : आरोग्य सर्वेक्षणातल्या गहाळ उत्तरांचं करायचं काय?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला एक वाडा, दुपारी साडेतीनची वेळ. सर्वेक्षणाला आलेली मुलगी विचारते, "आजी, प्रेशरची गोळी किती वर्षं घेता?" आजी आडकित्त्याने सुपारी कातरता कातरता म्हणते, "खबर ना गो बाय." मुलगी टॅबवर 'माहीत नाही' दाबते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते.

गोव्यात 'खबर ना'चे निदान तीन अर्थ होतात. एक, खरंच आठवत नाही. दोन, आठवतं, पण सुनेसमोर सांगायचं नाही. तीन, तू आता उठलीस तर बरं, मला गुरांना पाणी दाखवायचंय. टॅबवर तिन्हींसाठी बटण मात्र एकच. सहा महिन्यांनी पणजीत कुणीतरी संगणकासमोर बसून हा रकाना कसा भरावा याची डोकेफोड करतो, तेव्हा त्याला हवी असलेली माहिती त्या ओसरीवरच राहून गेलेली असते.

म्हणून या लेखात सॉफ्टवेअर बरंच उशिरा येईल. तालुक्यापुरतं सर्वेक्षण करणारे, सार्वजनिक आरोग्याचा प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, आरोग्य केंद्रातून चार गावांची पाहणी करणारे डॉक्टर अशांसाठी हे लिहितोय. सांख्यिकीची पदवी लागणार नाही. बेरीज, भागाकार आणि थोडा संशयी स्वभाव पुरे.

१. कोरेपणाला आधी नावं द्या

प्रश्नावली छापण्यापूर्वी, किंवा कोबो-ओडीकेसारख्या टॅबवरच्या सर्वेक्षण ॲपमध्ये फॉर्म चढवण्यापूर्वी, उत्तर न मिळण्याची कारणं ठरवा आणि प्रत्येकाला वेगळा संकेतांक द्या. माझ्या फॉर्ममध्ये सहा असतात: लागू नाही, माहीत नाही, सांगायला नकार, माणूस भेटला नाही, मोजता आलं नाही, आणि विचारायचं राहून गेलं. शेवटचं कबूल करायला तपासनीस कचरतात, म्हणून ते यादीत मुद्दाम ठेवायचं. विचारायचं राहिलं असेल तर परत जाऊन विचारता तरी येतं.

संकेतांक असे निवडा की खऱ्या उत्तराशी त्यांची कधीच गल्लत होणार नाही. मी उणे आकडे वापरतो, उणे ७, उणे ८, उणे ९ असे. जुन्या पद्धतीचा ९९ का टाळायचा ते पाहा. दहा जणांना विचारलं, आठवड्यातून किती दिवस दारू घेता? नऊ जण म्हणाले २ दिवस. दहाव्याने सांगायला नकार दिला, त्याला ९९ पडला. एक्सेलने सरासरी काढली ११.७. आठवड्यात अकरा दिवस पिणारं गाव! हा आकडा हास्यास्पद म्हणून पकडला तरी जातो. वयाच्या रकान्यात पडलेला ९९ पकडलाच जात नाही, कारण नव्याण्णव वर्षांची आजी गोव्यात असू शकते. उणे आकडाही सरासरीत शिरला तर ती बिघडवतोच, पण किमान-कमाल पाहताना लगेच डोळ्यांत येतो. विश्लेषणाआधी या संकेतांकांना रीतसर 'मिसिंग' म्हणून जाहीर करावंच लागतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा उतरवून काम करणाऱ्यांची अडचण याच जातीची. त्यात मुलांच्या वजनाच्या रकान्यात ९९९४ म्हणजे मूल हजर नव्हतं, ९९९५ म्हणजे नकार, ९९९६ म्हणजे इतर कारण. वजन एका दशांश स्थळापर्यंत साठवलेलं असतं, त्यामुळे संकेतांक काढायला विसरलात तर ९९९.४ किलोचं बाळ तुमच्या सरासरीत गुपचूप बसतं.

'लागू नाही' आणि 'गहाळ' यांत तर कधीच गोंधळ नको. याच सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पुरुषांची मुलाखत आणि कौटुंबिक हिंसेचे प्रश्न फक्त १५ टक्के घरांच्या उपनमुन्यात होते, आणि हिंसेचे प्रश्न एका घरातल्या एकाच निवडलेल्या स्त्रीला. बाकीच्या स्त्रियांपुढे तो रकाना रिकामाच दिसतो. ते उत्तर गहाळ झालेलं नाही, मागितलंच नव्हतं. अशा रकान्यांत अंदाजाने उत्तरं भरणारे प्रबंध मी पाहिले आहेत. निवडलेल्या स्त्रीशी बोलायला एकांत मिळाला नाही तर तेही कारण म्हणून वेगळं नोंदवलं जातं, आणि ही पद्धत आपल्या छोट्या पाहणीतही उचलण्यासारखी आहे.

२. खरी लढाई दारातच

बंद घरापासून सुरुवात करू. गोव्यात बंद दार म्हणजे एक नव्हे, चार गोष्टी. पर्वरीतला फ्लॅट दुसऱ्या राज्यातल्या कुणी सुट्टीसाठी घेतलाय, तिथे कुणी राहतच नाही. साष्टीतलं घर बंद आहे कारण कुटुंब परदेशी गेलंय, किल्ली शेजाऱ्याकडे. सत्तरीतलं घर फेब्रुवारी ते मे दिवसभर बंद, कारण सगळे काजूच्या बागायतीत. आणि वास्कोच्या भाड्याच्या खोलीला कुलूप, कारण दोघंही कामाला, रात्री आठला परततात. पहिल्या घरात कुटुंबच नाही, ते प्रतिसादाच्या हिशेबात, म्हणजे छेदात, धरायचं नाही. शेवटच्या दोन घरांत माणसं आहेत आणि ती तुमच्याकडून निसटतायत. दुसऱ्याचा निर्णय 'रहिवासी कोण' या तुमच्या व्याख्येवर, उदाहरणार्थ गेल्या सहा महिन्यांत इथे राहिलेला. व्याख्या आधी लिहून ठेवा. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय 'बंद' एवढंच लिहून परतायचं नाही.

तीन भेटी हा साधारण रिवाज आहे, पण तिन्ही भेटी सकाळी अकराला दिल्या तर ती एकच भेट. एक सकाळी, एक संध्याकाळी सातनंतर, एक रविवारी. एक ते चार दार वाजवू नका. दुकानं बंद, माणसं आडवी, आणि झोपमोड केलेल्या माणसाचं 'मागीर यो' (नंतर ये) हे पुढच्या भेटीचं आमंत्रण नसतं. चवथीचा आठवडा सोडाच. गावच्या जत्रेची तारीख आरोग्य केंद्रातल्या नर्सला विचारा, तिला पाठ असते.

उपाशीपोटी साखर मोजायची असेल तर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजण्याआधी घरी पोहोचा. एकदा गरम पाव आणि चहा झाला की ते रक्त त्या कामाचं नाही. मग 'मोजता आलं नाही, खाऊन झालं होतं' असं लिहायचं. कितीतरी ठिकाणी ती सुई टोचलीच जाते आणि आकडा 'उपाशीपोटी' म्हणून चढतो. गहाळ उत्तरापेक्षा हे वाईट, कारण ते गहाळ दिसत नाही.

वयाचा रकाना म्हाताऱ्या माणसांत हमखास अडतो. इथे गोव्याचा इतिहास कामी येतो. फॉर्मसोबत घटनांचा एक कागद द्या: १९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती, १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, ऑगस्ट १९७३ मध्ये पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले, ३० मे १९८७ ला घटक राज्य. "आजी, मुक्ती झाली तेव्हा तुम्ही केवढ्या?" आजी सांगते, "दुसरीत. शाळा बंद होती त्या दिवसांत." म्हणजे सातेक वर्षांच्या, जन्म १९५४ च्या आसपास. "भाऊ गेले त्या वर्षी माझं लग्न," असं म्हणाल्या की दुसरा खुंटा मिळाला, तो पहिल्याशी जुळतो का पाहा. शेजारी 'अंदाजे' अशी खूण करायला विसरू नका.

घरातला पुरुष तारवार असेल, म्हणजे बोटीवर, तर बायकोला विचारून त्याचा फॉर्म भरण्याचा मोह होतो. मधुमेहाचं निदान झालंय का, हे ती सांगू शकेल. तो बोटीवर किती सिगारेटी ओढतो, हे नाही. कोणते प्रश्न दुसऱ्याकडून चालतील ते आधी ठरवा आणि उत्तर कुणी दिलं याचा एक रकाना ठेवा. दारूचे प्रश्न तर ओसरीवर सगळ्यांसमोर विचारूच नका. हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, हंगामात पुरुष हसत सांगतील, बाई मात्र 'नाही' म्हणेल आणि तुम्ही ते 'नाही' खरं धरून बसाल. भाषा जुळत नसेल, म्हणजे घरात कन्नड आणि तपासनीस कोंकणी-मराठीवाला, तर तेही कारण म्हणून लिहा.

नकार हा मात्र माणसाचा हक्क आहे. तिसऱ्यांदा गळ घालून मिळवलेलं उत्तर मी कधी विश्वासाने वापरू शकलो नाही.

३. 'एकही रकाना रिकामा नको' हा हुकूम

माझ्या पहिल्या नोकरीत आमच्या वरच्या साहेबांनी असा हुकूम काढला होता. रिकाम्या रकान्यामागे फॉर्म परत, फॉर्म परत म्हणजे त्या दिवसाचा भत्ता अडकला. पंधरा दिवसांत फॉर्म चकचकीत झाले. साहेब खूश. मी रक्तदाबाचा रकाना उघडला आणि पडदा खाली सरकवत गेलो: १२०/८०, १२०/८०, १२०/८०, मधे एखादा १३०/८०, पुन्हा १२०/८०. यंत्राची बॅटरी आठवडाभर बंद होती, हे नंतर चहावर कळलं. पोरांवर मी रागावलो नाही. रिकामा रकाना हा गुन्हा ठरवला की माणसं गुन्हा लपवतात.

तेव्हापासून एक तपासणी मी रोज संध्याकाळी करतो. डिजिटल यंत्राच्या वाचनांत शेवटचा अंक शून्य असणं साधारण दहात एकदा व्हायला हवं. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, तिथे पाचात एकदा. कुणा एकाच्या फॉर्ममध्ये निम्मे आकडे शून्यावर संपत असतील तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत फिरायला जा. यंत्र पाहा, मग माणूस. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्टेप्स पद्धतीत तीन वाचनं घेऊन शेवटच्या दोनांची सरासरी धरतात. तिसरं वाचन राहिलं तर काय करायचं हेही मोहिमेआधीच ठरवा.

अशक्य आकडे मात्र तुम्ही स्वतः गहाळ करायचे असतात. मुलांच्या वाढीच्या जागतिक मानकांत वयानुसार उंचीचा झेड स्कोअर, म्हणजे त्या वयाच्या मध्यापासूनचं प्रमाणित अंतर, उणे ६ च्या खाली किंवा ६ च्या वर गेला तर तो मोजमापाची चूक समजून बाजूला काढतात. किती काढले ते लिहून ठेवायचं.

४. मोजा, आणि आडवं-उभं पाहा

मूळ फाइलची एक प्रत कुलुपात ठेवा. तिच्यावर पुन्हा कधीही काही लिहायचं नाही. मग कामाच्या प्रतीत प्रत्येक प्रश्नासाठी किती टक्के उत्तरं नाहीत ते काढा, कारणानुसार. नंतर तेच तालुक्यानुसार, तपासनिसानुसार, तारखेनुसार. फॉर्मच्या शेवटच्या दोन पानांवर कोरे रकाने वाढत असतील तर प्रश्नावली लांब झाली. एकाच तपासनिसाकडे वाढत असतील तर प्रशिक्षण कमी पडलं. उत्पन्नाच्या प्रश्नावर सगळीकडेच वाढत असतील तर लोकांना वाटतंय की खरं सांगितलं तर गृहिणींना पैसे देणाऱ्या गृह आधारसारख्या सरकारी योजनेतून नाव उडेल.

एक हिशेब इथेच करून पाहा. दहा प्रश्न, प्रत्येकात फक्त ५ टक्के उत्तरं गहाळ, आणि ती एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांत विखुरलेली. दहाही उत्तरं पूर्ण असलेली माणसं किती उरली? ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.६०. शंभरातली चाळीस माणसं गेली, आणि तुमच्या अहवालात मात्र 'प्रत्येक प्रश्नात गहाळ केवळ ५ टक्के' असं दिमाखात लिहिलेलं! बहुतेक सॉफ्टवेअर ही चाळीस माणसं न सांगता वगळतं. निकालाखालचा 'एन', म्हणजे विश्लेषणात प्रत्यक्ष धरलेल्या माणसांचा आकडा, रोज वाचायची सवय लावा.

५. का गेलं, हे ठरवा

डोनाल्ड रूबिन यांनी १९७६ मध्ये गहाळ उत्तरांची जी विभागणी मांडली, तीच आजही वापरात आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी लोक एमसीएआर, एमएआर, एमएनएआर म्हणतात. नावं भयंकर, गोष्ट साधी.

डिचोलीच्या केंद्रातून निघालेली पाच टेस्ट ट्यूब ठेवलेली पेटी मोटारसायकलवरून पडली. कुणाच्या नळ्या फुटल्या याचा त्यांच्या साखरेशी संबंध नाही. हा निव्वळ योगायोग, पहिला प्रकार. उरलेली माणसं घेऊन केलेलं विश्लेषण इथे पक्षपाती होत नाही, फक्त नमुना लहान होतो.

पुरुष दिवसा घरी भेटत नाहीत, म्हणून त्यांचे रक्तदाब कमी मोजले गेले. पण लिंग, वय, व्यवसाय तुम्हाला घरच्या यादीतून ठाऊक आहे. त्याच वयाच्या, त्याच व्यवसायाच्या भेटलेल्या पुरुषांवरून न भेटलेल्यांचा अंदाज बांधता येत असेल, तर हा दुसरा प्रकार. बहुतेक पद्धती याच गृहीतकावर उभ्या आहेत.

आणि तिसरा प्रकार, जो गावात सगळ्यांना कळतो आणि संगणकाला कळत नाही: जो जास्त पितो तोच दारूच्या प्रश्नावर गप्प बसतो. उत्तर जाण्याचं कारण खुद्द उत्तरच आहे.

दुसरा की तिसरा, हे डेटा पाहून सिद्ध करता येत नाही, कारण ठरवायला लागणारा पुरावा त्या कोऱ्या रकान्यातच असतो. ते ठरतं तपासनिसाच्या वहीतून. म्हणून पहिल्या पायरीवर संकेतांकांचा एवढा हट्ट धरला. '५ टक्क्यांच्या आत असेल तर दुर्लक्ष करा' हा नियम बराच फिरतो, मला तो पटत नाही. २ टक्के नकार सगळे दारुड्यांचे असतील तर दारूच्या आकड्याला ते पुरेसे जड आहेत.

६. काय करू नये

रिकाम्या जागी सरासरी भरू नका. सरासरी तशीच राहते, म्हणून काम छान झाल्यासारखं वाटतं. पण सगळी माणसं मधोमध येऊन बसतात, पसारा खोटाच आकसतो आणि दोन गोष्टींमधला संबंध पातळ होतो. उत्तर नाही म्हणजे 'नाही', असंही धरू नका. लसीकरणाच्या कार्डावर नोंद नाही म्हणजे लस दिली नाही असं होत नाही, कार्ड कदाचित माहेरी राहिलं असेल. 'अज्ञात' असा वेगळा गट करून समीकरणात घालणं सोपं वाटतं, पण त्यातही निष्कर्ष वाकतो. तक्त्यात दाखवायला ठीक.

७. माणूसच भेटला नसेल तर वजन

पूर्ण मुलाखतच झाली नसेल तर उत्तरं भरत बसण्यापेक्षा भेटलेल्यांना वजन द्या, म्हणजे भेटलेला प्रत्येक जण न भेटलेल्यांच्या वाट्याचंही थोडं मोजला जाईल. कल्पित आकड्यांवर करून पाहू.

समजा ३०० स्त्रिया आणि ३०० पुरुष निवडले. २७० स्त्रिया आणि १८० पुरुष भेटले. स्त्रियांत २० टक्क्यांचा रक्तदाब जास्त, म्हणजे ५४ जणी. पुरुषांत ३५ टक्क्यांचा, म्हणजे ६३. सरळ काढलं तर ४५० पैकी ११७, म्हणजे २६ टक्के. पण पुरुष कमी भेटलेत. प्रत्येक स्त्रीला ३००/२७० म्हणजे १.११ आणि प्रत्येक पुरुषाला ३००/१८० म्हणजे १.६७ वजन द्या. आता उत्तर येतं २७.५ टक्के.

खऱ्या कामात गट फक्त स्त्री-पुरुष असे नसतात. वय, तालुका, शहर-गाव मिळून गट करा, आणि एका गटात अगदी थोडी माणसं उरली तर शेजारच्या गटाशी जोडा. नमुना निवडीचं वजन वेगळं असतं, त्याला या वजनाने गुणायचं. पुरुष कमी भेटणं ही केवळ आपली रड नाही: राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरात स्त्रियांचा प्रतिसाद ९७ टक्के होता, पुरुषांचा ९२.

८. माणूस भेटला, काही उत्तरं नाहीत : बहुविध इम्प्युटेशन

इथे कोऱ्या रकान्यात एक नाही, अनेक संभाव्य उत्तरं भरतात. पाच, वीस किंवा चाळीस पूर्ण फाइली तयार होतात, प्रत्येकीत वेगळा पण पटण्याजोगा अंदाज. प्रत्येकीवर तेच विश्लेषण चालवून निकाल एकत्र करतात. 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमधलं 'माइस' पॅकेज हे करतं, स्टाटा या दुसऱ्या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्येही सोय आहे. किती फाइली? अपूर्ण फॉर्मची टक्केवारी जितकी, निदान तितक्या. ३० टक्के फॉर्म अपूर्ण असतील तर ३०.

एकत्र करण्याचा रूबिन यांचा नियम कागदावर पाहा. पाच फाइलींतून टक्केवारी आली २७, २९, २८, २६, ३०. सरासरी २८, तेच उत्तर. प्रत्येक फाइलीत प्रमाणत्रुटी (नमुन्यामुळे उत्तर किती हलू शकतं त्याचं माप) समजा २, म्हणजे विचरण, तिचा वर्ग, ४. पाच उत्तरांमधलं विचरण २.५. एकूण विचरण = ४ + (१ + १/५) × २.५ = ७. वर्गमूळ सुमारे २.६५. एकच फाइल भरून थांबला असता तर त्रुटी २ छापली असती. अंदाजाने भरलेली उत्तरं खरी मानण्याचा उद्धटपणा तेवढा.

चुका नेहमीच्या ठिकाणी होतात. ज्याचा अभ्यास करताय तो निष्कर्षाचा चलसुद्धा (उदाहरणार्थ जास्त रक्तदाब) अंदाजाच्या समीकरणात घालायचा असतो. लोक 'फसवणूक होईल' म्हणून तो बाहेर ठेवतात आणि संबंध पुसट करून घेतात. गाव, नमुन्याचा स्तर, वजन, शिवाय उत्तर जाण्याशी संबंध असलेल्या गोष्टी (कितव्या भेटीत भेटला, कुणी विचारलं) याही आत घ्या. साखर, उत्पन्न असे एका बाजूला ओढलेले आकडे असतील तर भेटलेल्यांपैकीच जवळच्या माणसाचं खरं मूल्य उसनं घेणारा पर्याय निवडा, म्हणजे उणे उत्पन्न येणार नाही. आणि 'लागू नाही' रकान्यांना हात लावू देऊ नका, नाहीतर पुरुषांना गरोदरपणाचा महिना मिळेल.

९. आपल्याच उत्तराला डिवचून पाहा

वजनाच्या उदाहरणात आपण धरलं की न भेटलेले १२० पुरुष भेटलेल्यांसारखेच. नसतील तर? ते बोटीवर, ट्रकवर, रात्रपाळीला आहेत. त्यांच्यात ४५ टक्क्यांचा रक्तदाब जास्त आहे असं धरा: आणखी ५४ पुरुष, पुरुषांत एकूण ११७. न भेटलेल्या स्त्रिया भेटलेल्यांसारख्या धरल्या तर ६० स्त्रिया. ६०० पैकी १७७, म्हणजे २९.५ टक्के. न भेटलेले पुरुष धडधाकट असल्याने कामावर आहेत असं धरून २५ टक्के घेतले तर १५३, म्हणजे २५.५. टोकं पाहायची तर न भेटलेले दीडशेही निरोगी धरा, १९.५ टक्के. सगळेच आजारी धरा, ४४.५.

टोकांवर कुणी विश्वास ठेवायचा नाही, पण ती शंका काढणाऱ्यांचं तोंड बंद करतात. खरा उपयोग मधल्या दोन आकड्यांचा. तालुक्याला औषधाच्या गोळ्या किती लागतील हा निर्णय २५.५ आणि २९.५ या दोन्हींना तोच राहत असेल तर निर्धास्त छापा. बदलत असेल तर आणखी एक रविवार त्या पुरुषांच्या दारात घालवणं स्वस्त पडेल.

१०. अहवालात लिहायचं ते

पद्धतीच्या भागात हे सगळं लपवू नका, आणि कमी माणसांवर उभे असलेले आकडे उघडे सोडू नका. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या तक्त्यांत २५ ते ४९ माणसांवर आधारलेला आकडा कंसात छापतात आणि २५ पेक्षा कमी असतील तर आकड्याऐवजी तारा. गोव्याच्या तक्त्यांत हे कंस आणि तारे डोळ्यांना टोचतात, राज्य लहान असल्यामुळे. आपणही तेच करावं.

मजकुराचा नमुना देतो, वरचेच कल्पित आकडे घेऊन. यात आपले घालून वापरा:

"निवडलेल्या ६०० प्रौढांपैकी ४५० भेटले (स्त्रिया ९० टक्के, पुरुष ६० टक्के). न भेटलेले बहुतेक पुरुष दिवसा कामावर किंवा बोटीवर असल्याचं घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी सांगितलं. प्रतिसादातल्या या फरकासाठी लिंगानुसार वजन दिलं आहे. जास्त रक्तदाबाचं प्रमाण २७.५ टक्के. न भेटलेल्या पुरुषांतलं प्रमाण २५ ते ४५ टक्के धरल्यास एकूण प्रमाण २५.५ ते २९.५ टक्के येतं. उत्तर न मिळाल्याची कारणं प्रश्नानुसार परिशिष्टात दिली आहेत."